पाडव्यानंतरचा बर्फ

किस्से कसे साठतात ते बघायचं असेल तर मार्च महिन्यात मिशिगनमधल्या कुठल्याही ग्रोसरीच्या दुकानासमोर जाऊन उभं राहावं. हिवाळाभर पार्किंगमधला बर्फ ढकलून ढकलून एका कोपऱ्यात लोटलेला असतो. सगळीकडचा बर्फ जातो, हा ढीग जात नाही. काळा पडतो, त्यातून कुणाचा तरी हातमोजा डोकावायला लागतो, तरी मे महिन्यापर्यंत हटत नाही. आमच्या नोव्हाय गावातल्या मंडळींचे किस्से तसेच आहेत, आणि त्या ढिगातला निम्म्याहून जास्त माल एकट्या सदाचा आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. सदाच्या बाबतीत मात्र हे काम मी वर्षानुवर्षं फुकट केलं.

*

सदानंद म्हणजे आमचा सदा. मूळ पुण्याचा, गाड्यांच्या सीट डिझाइन करणारा इंजिनिअर, आमच्या अगदी समोर राहणारा. त्याचं एक सूत्र आहे: वस्तू सीझन संपल्यावर घ्यायची. छत्री दिवाळीत घ्यायची, स्वेटर मे महिन्यात. या सूत्राला जागून त्यानं २००५ साली एप्रिल संपता संपता सेकंडहँड स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालवायची मोटरसायकल, घेतली.

ट्रेलरवरून ती घरी आली तेव्हा गल्लीभर लॉनमोअर चालू होते. सदानं ड्राइव्हवेवर नारळ फोडला, हँडलला हार घातला, आणि गाडीला कुंकू लावलं. त्याची बायको वैदेही दारात हाताची घडी घालून उभी होती. ती हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, त्यामुळे कुठल्या गोष्टीला किती डोस पुरे हे तिला बरोबर कळतं.

शेजारचा म्हातारा डेल गवत कापायचं थांबवून आला. त्यानं गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली आणि सदाला विचारलं, "ही लवकर आली म्हणायची की उशिरा?"

'वरातीमागून घोडं' हे इंग्रजीत कसं सांगायचं ते आम्हाला कुणालाच सुचलं नाही.

*

सदाचं गराज दोन गाड्यांचं. एका बाजूला त्याची गाडी, दुसऱ्या बाजूला वैदेहीची. स्नोमोबाइल आत आली आणि वैदेहीची गाडी बाहेर गेली. हे तात्पुरतं आहे असं सदा तेव्हा म्हणाला होता.

मग हिवाळा आला. वैदेहीची ड्यूटी भल्या पहाटेची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तोच देखावा दिसायचा: ती अंधारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय, आणि सदा शाल पांघरून खिडकीतून तिला वायपर जपायला सांगतोय.

एक दिवस ती हातमोजे विसरली म्हणून गराजमधून आत गेली, तर सदा स्नोमोबाइलवर गोधडी घालत होता. त्याच्या आईनं पुण्याहून नातीसाठी पाठवलेली. थंडीनं रबर कडक होतं म्हणे.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती थेट खुर्चीत बसली आणि चहासुद्धा नको म्हणाली. "बर्फावर चालायच्या गाडीला गोधडी," ती म्हणाली, "आणि मला खरवडणी." मला हसू आवरेना, पण तिचा राग खरा होता आणि शंभर टक्के पटण्यासारखा होता.

त्या रात्री तिनं सदाला निकाल सांगून टाकला. हा सीझन संपायच्या आत गाडी एकदा तरी बर्फावर चालली पाहिजे. नाही चालली तर विकायची. डेलचा मेहुणा घ्यायला तयार होता.

*

आता कुणी म्हणेल, मिशिगनला बर्फ काय कमी आहे? चालवायची होती जानेवारीत. पण आमचा हिवाळा तुम्हाला माहीत नाही. डिसेंबरात सगळी रजा जमवून भारतात जायचं. परत आलं की झोपेचं गणित जमवायचं. फेब्रुवारीत ऑफिसात नवीन मॉडेलची घाई, आणि शनिवार-रविवार हळदीकुंकवाचे. लोक स्नोमोबाइल धुऊन-पुसून आत ठेवायला लागले की आमच्या लोकांना उसंत मिळते.

मार्चमध्ये सदा जागा झाला. उत्तरेकडच्या ट्रेलची, म्हणजे स्नोमोबाइलच्या जंगलवाटांची, देखभाल करणाऱ्या एका क्लबची फोनलाइन होती. रोज सकाळी तिथला रिक नावाचा माणूस ट्रेलची हालत सांगणारा निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा. सदा ऑफिसात गेल्या गेल्या तो ऐकायचा आणि तोंड पाडून कामाला लागायचा. शेवटी त्यानं खुद्द रिकलाच गाठलं. रिकनं सांगितलं की रात्रीच्या थंडीनं बर्फ कडक होतो, तेव्हा उजाडायला या आणि ऊन चढायच्या आत आटपा. दुपारी नुसता राडा असतो.

म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच निघायला हवं होतं. तसं ठरलंही होतं. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष बापटकाका बरोबर होते. काका फार वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर झालेले. त्यांच्याशिवाय कुठली ट्रिप निघत नाही, आणि ते असले की वेळेवर निघत नाही. त्यांचा चहा झाला, पूजा झाली, मग वाटेत खायला पोहे झाले, मग पोह्यांवर घालायची शेव राहिली म्हणून आम्ही परत फिरलो.

पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं आणि ट्रेलमधून चांगला ओढा वाहत होता. सदाची दहा वर्षांची ईशा जाकीट काढून म्हणाली, "डॅड, इट्स फिफ्टी डिग्रीज." म्हणजे आपले दहा सेल्सियस. सदा ट्रेलरवरच्या गाडीवर हेल्मेट घालून नुसता बसून राहिला.

वैदेहीनं सगळ्यांना ताटल्या दिल्या. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "पोहे मात्र छान भिजलेत."

*

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मार्चअखेरीस रिकनं स्वतःहून सदाला फोन केला. रोजच्या फोनांनी त्याला बहुधा दया आली असावी. तो म्हणाला की मोठा पूल ओलांडून वर, मिशिगनच्या उत्तरेकडच्या तुकड्यात, अप्पर पेनिन्सुलामध्ये, अचानक मोठा बर्फ पडलाय. ट्रेल सपाट करणारी यंत्रं सीझनपुरती बंद झालीत, पण जंगलातल्या रस्त्यांवर येत्या शनिवारी मजा येईल. पुढच्या आठवड्याचं त्याला विचारू नये.

आणि शनिवारी गुढीपाडवा होता.

म्हणजे खरा पाडवा गुरुवारीच होता. पण अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवारी येतात. गणपती शनिवारी येतो, दिवाळी शनिवारी येते, संक्रांतसुद्धा सूर्याला विचारून शनिवारी घेतो. त्यात या वेळी सदाला मंडळाच्या नाटकात राजाचं काम होतं. तो काकांकडे गेला आणि म्हणाला की पाडवा गुरुवारचा शनिवारी आणलाच आहे, तर आणखी आठवडाभर पुढे नेऊ. बर्फ थांबणार नाही, पाडवा थांबेल.

काकांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. "पाडवा हलेल रे," ते म्हणाले. "हॉल हलत नाही."

शनिवारी सदानं राजाचं काम केलं. इतका दुःखी राजा मी आजवर बघितलेला नाही. नाटक विनोदी होतं.

*

पुढच्या शनिवारी आम्ही निघालोच. वैदेहीनं डेलच्या मेहुण्याला सोमवारी गाडी न्यायला बोलावलं होतं, तेव्हा हाच शेवटचा चान्स. पूल ओलांडून वर गेलो, एका मोटेलात राहिलो, आणि रविवारी उजाडता उजाडता जंगलात पोचलो. बर्फ होता! झाडांच्या सावलीत होता, मध्येमध्ये उघडी जमीन आणि पाण्याची डबकी होती, पण होता. काकांना आम्ही रात्रीच तंबी दिली होती, त्यामुळे त्यांनी आंघोळ वगळली.

सदानं गाडी सुरू केली आणि जरा वेळानं लाल दिवा लागला. इंजिन तापलं होतं. माझा नवरा मिलिंद इंजिन थंड ठेवण्याच्याच खात्यात काम करतो. त्यानं सांगितलं की गाडीचा पट्टा सैल बर्फ उडवतो, तो खालून लागतो आणि त्यानं इंजिन थंड होतं. इथला बर्फ रात्रीत दगडासारखा झालाय, त्यामुळे उडतच नाही. यावर चार इंजिनिअर असल्यासारखे हे दोघं चर्चा करायला लागले. ट्रेलरच्या पत्र्यावरच्या धुळीत मिलिंदनं आकृतीसुद्धा काढली.

आम्ही बायकांनी आकृतीची वाट बघितली नाही. पाडव्याच्या श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांत झाडाखालचा भुसभुशीत बर्फ भरभरून आणला आणि गाडीच्या खालच्या पत्र्याला लिंपायला लागलो. काकांनाही उत्साह आला. ते डबा दोन्ही हातांनी धरून वरून सोडायचे, अगदी अभिषेक केल्यासारखा. आणि सवयीनं त्यांच्या तोंडून मंत्रही सुरू झाले.

तेवढ्यात दोन गोरे स्नोमोबाइलवाले आले, थांबले, आणि हेल्मेट काढून अदबीनं उभे राहिले. हा काही धार्मिक विधी आहे का, असं त्यांनी विचारलं.

काकांनी हो म्हणून सांगितलं. उष्णतेचं गणित समजावत कोण बसणार!

*

लाल दिवा विझला. सदानं माकडटोपीवर हेल्मेट चढवलं आणि निघाला. बैलगाडीनं त्याला मागे टाकलं असतं. प्रत्येक उघड्या जमिनीपाशी तो उतरायचा, तळाला खरचटू नये म्हणून गाडी ढकलत पलीकडे न्यायचा, आणि पुन्हा बसायचा. डबकं आलं की लांबून वळसा. वळणापर्यंत जाऊन तो परत आला तेव्हा घामानं निथळत होता. पण चेहरा बघण्यासारखा होता. मला एकदम त्याच्याबद्दल फार माया वाटली.

"चालली," तो वैदेहीला म्हणाला. "आता विकायची नाही."

"अर्धी वाट तू ढकलत होतास," वैदेही म्हणाली. "ह्याला चालणं म्हणत नाहीत. उतर, मी बघते."

तिनं हेल्मेट घातलं. सदा तिला वेग, ब्रेक, रबर असं काहीतरी सांगत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती निघून गेली. पहिल्या उघड्या जमिनीवरून ती तशीच गेली. पुढं डबकं होतं. आम्हाला वाटलं, आता तरी थांबेल. पाण्याचा मोठा पडदा उडाला, आणि तो खाली बसला तेव्हा वैदेही वळणापलीकडे होती.

आवाज लांब गेला, मग ऐकूच येईना. सदा आधी गाडीची काळजी करत होता, मग तिची करायला लागला. मिलिंद म्हणाला की दिवा लागला असेल तर थांबावंच लागेल. ईशानं दोनदा विचारलं, "व्हेअर इज आई?" सदा तिच्या शोधात वळणाकडे पळत सुटला. काकांनीसुद्धा हातातला चहा खाली ठेवला.

आणि मग पुन्हा आवाज आला. ती आली ती सदाच्या शेजारून, त्याला डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखून, आमच्यासमोर येऊन थांबली. गाडी चिखलात, ती चिखलात, समोरची काच फुटलेली. तिनं सावकाश हेल्मेट काढलं. गाल लाल झाले होते. सदा धापा टाकत आला आणि त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग काचेकडे.

वैदेहीनं इंजिन बंद केलं.

"डेलच्या मेहुण्याला नाही म्हणून कळव," ती म्हणाली. "आणि गराजमधली तुझी कार आजपासून बाहेर."