दहा वाजून वीस मिनिटांची सही

उंगारानच्या चढावर, डोंगराच्या कुशीत, औषधाच्या गोळ्या बनवणारा एक कारखाना आहे. विनार्ती तिथे बावीस वर्षं कागद वाचते आहे. औषध कसं कालवायचं, यंत्र कसं धुवायचं, हात कोपरापर्यंत किती वेळ घासायचे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे पाहून सही करणं हे विनार्तीचं काम. तिची नजर अशी, की एखादा स्वल्पविराम जागचा हलला तरी तिच्या डोळ्यात कुसळासारखा खुपायचा.

तीन वर्षांपूर्वी हे सगळे कागद संगणकात गेले. कोण काय शिकला, कुणाच्या हातून काय चुकलं, कुठल्या औषधाची तक्रार आली, कुठली सही राहिली, सारं एकाच सॉफ्टवेअरने एकमेकांना बांधून टाकलं. एक दोरा ओढला की दहा ठिकाणी हलायचं. सही घरून फोनवरही करता यायची, पण काही म्हणजे काही पुसता येत नसे. कामगार त्याला सासू म्हणत.

घरी विनार्तीचा नवरा सुवार्नो टेम्पे करायचा. सोयाबीन शिजवायचे, विरजण लावायचं, केळीच्या पानात बांधून फळीवर मांडायचे. दुसऱ्या दिवशी आतून ऊब धरते. सुवार्नो प्रत्येक पुडक्याला हाताची पालथी बाजू लावून बघायचा आणि म्हणायचा, "हे झालं. हे अजून झोपलंय." त्याची कुठे नोंद नव्हती. चौदा मार्चच्या पहाटे तो अंथरुणातच गेला.

तेव्हापासून विनार्तीला काही जाणवत नव्हतं. ती रडली नाही. सातवा दिवस झाला, चाळिसावा झाला, शंभरावा झाला. शेजारणी जमायच्या, दुवा म्हणायच्या, ती भात वाढायची. मीठ कमी पडलं की कुणीतरी सांगायचं, तिला कळायचं नाही. कामावर मात्र एक खाडा नाही.

ऑगस्टमध्ये एक बॅच वाया गेली. दाणेदार औषध ओलं राहिलं, गोळ्या साच्याला चिकटल्या, तीन लाख गोळ्या जाळाव्या लागल्या. ते दाणे वाळवले होते मुर्नीने. अठरा वर्षं ती वाळवणीच्या यंत्रावर होती, आणि अजूनही कंत्राटीच होती. चौकशी विनार्तीकडे आली.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख हार्तोयो तिच्या टेबलाशी आले. भला माणूस, आवाज कायम खालच्या पट्टीत. तिकडे मानाने बाईला बू म्हणत, पुरुषाला पाक.

"बू विनार्ती, दोनच दिवस उरलेत. सासू लाल झालीय. मानवी चूक म्हणून टाका आणि मिटवा."

"मुर्नीची ही तिसरी होईल, पाक."

"ते सासू बघेल. आपण फक्त कारण निवडायचं."

सासू काय बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. वर्षात एकाच नावावर तीन मानवी चुका झाल्या, की सॉफ्टवेअर यंत्राचा परवाना आपणच काढून घेतं. परवाना नसलेल्या कंत्राटी बाईचं कार्ड दुसऱ्या सकाळी फाटकावर चालत नाही.

दुपारी जेवणघरात मुर्नी समोर येऊन बसली. ती विनार्तीला म्बाक म्हणायची, म्हणजे ताई.

"म्बाक, भात किती चिवडताय? त्यात चुकलेली तारीख सापडली का?"

"नेमकं काय झालं होतं, मुर्नी?"

"काय व्हायचंय! आधी दोनदा, दुसऱ्या औषधांना, मी हाताचं ऐकलं. ओलं लागलं म्हणून चार मिनिटं जास्त वाळवलं. माल सोन्यासारखा निघाला, तरी कागद पाळला नाही म्हणून दोनदा नाव चढलं. या खेपेला म्हटलं, बाई, कागदाचंच ऐक. हाताला ओलं लागत होतं हो! पाळीच्या मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, कागदात काय आहे? चाळीस अंश, पंचावन्न मिनिटं. मग तेच कर." तिने मिरचीचा ठेचा बोटाने पुसून खाल्ला. "आता घरी बसून भजी तळीन. त्याचा कागद नसतो."

विनार्ती ताट तसंच ठेवून उठली.

ते औषध वर्षातून एकदा बनायचं. यंदा त्याचा कागद नव्याने टंकला होता, आणि नव्या कागदावर बनलेली ही पहिलीच बॅच. तिने जुना कागद उघडला. पंचावन्न अंश, चाळीस मिनिटं. नवा उघडला. चाळीस अंश, पंचावन्न मिनिटं. टंकणाऱ्याने आकडे उलटे लिहिले होते. एवढी ठळक चूक! तिने खाली पाहिलं. तपासणारी, विनार्ती. चौदा मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्यापुढे सॉफ्टवेअरचं ठरलेलं वाक्य: मी हे वाचलं आहे आणि हे बरोबर आहे.

त्या दिवशी दहा वाजता अंगणात चादरी बांधून सुवार्नोला अंघोळ घालत होते. बायका फुलं ओवत होत्या. ती मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती, आणि ओढणीखाली फोन थरथरत होता. कारखान्यातल्या सासूचे इशारे असणार. मुदत संपली, मुदत संपली. अंगठ्याने काय केलं, हे तिला आठवेना. दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू शोधावी, तशी ती त्या सकाळीत शोधत राहिली. काहीच सापडलं नाही.

हार्तोयोंना तिने संगणकाचा पडदा दाखवला. त्यांनी बराच वेळ चहात साखर ढवळली.

"त्या दिवशी तुमच्या घरी काय होतं, सगळ्यांना माहीत आहे. तुमचं नाव मला इथे नकोय, बू. सरकारी तपासनीस आले तर त्यांना काय सांगू?"

"मग मुर्नीचं चालेल?"

ते उठले. चहा तसाच ठेवून गेले.

विनार्तीने कारणांची यादी उघडली. 'मानवी चूक' सगळ्यात वर होतं, 'इतर' सगळ्यात खाली. तिने 'इतर' घेतलं आणि लिहिलं: कागद चुकीचा होता. तपासणारीने न वाचता सही केली. तपासणारी, विनार्ती. पुढचा चौकोन रिकामा सोडता येत नव्हता. का वाचलं नाही? ती पडद्याकडे पाहत राहिली. मग लिहिलं: तेव्हा माझ्या नवऱ्याला अंघोळ घालत होते. गुप्त शब्द टाकला. चौकोन हिरवा झाला. तिला हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. तिने चष्मा पुसला.

आठवड्याभरात सगळे दोरे हलले. मुर्नीच्या नावावर दोनच चुका राहिल्या. कागद दुरुस्त झाला. विनार्तीचा सहीचा अधिकार थांबला, आणि तिच्या नावे एक प्रशिक्षण निघालं: वाळवणी प्रत्यक्ष पाहणे. शिकवणारी म्हणून सॉफ्टवेअरने परवानाधारकांतलं नाव निवडलं. मुर्नी.

"या, शिष्यीण बाई," मुर्नी यंत्रापाशी तोंडावरच्या फडक्याआडून म्हणाली. "बावीस वर्षं कागदावर वाळवलंत, आता खरं बघा." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझं नाव टाकलं असतंत तरी मी काही बोलले नसते, म्बाक."

"माहीत आहे."

जाळलेल्या मालाच्या जागी तेच औषध पुन्हा बनत होतं. पंचावन्न अंश. चाळीस मिनिटं भरल्यावर मुर्नीने तपासून टाकून द्यायचा नमुना काढला आणि पावभर दाणे तबकात ओतले.

"हात घाला. तळवा नको, पालथा. त्यालाच खरं कळतं."

विनार्तीने हातमोज्यातला हात पालथा करून दाण्यांवर ठेवला. दाणे सुटे होते. रबरातून ऊब हळूहळू वर आली.

मुर्नीने फळीवरचा संगणक पुढे ओढला. शिकणाऱ्याला समजलं का, असा प्रश्न होता. हो, नाही.

"कळलं ना, म्बाक? हो दाबू?"

"थांब जरा," विनार्ती म्हणाली. तिने हात काढला नाही.

मुर्नी बोट उचलून थांबली.