लेकीच्या बाटलीचं पाणी

त्या उन्हाळ्यात मी माणसांकडे बघायचं सोडून पाण्याकडे बघत होते. कोणाच्या घरी गेले आणि पाण्याचा पेला हातात आला, की तो खिडकीच्या उजेडाकडे धरून आत काही तरंगतंय का ते पाहायचे. यजमानीण बाईंच्या कपाळावर आठी चढलेली दिसायची, तरी पेला खाली घ्यायचे नाही. लेक चार महिन्यांची होती, डब्याच्या दुधावर होती आणि तिचं पोट सारखं बिघडत होतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आम्ही धायरीत राहायला गेलो तेव्हा तिथे अजून ग्रामपंचायत होती आणि शेतांच्या मधोमध इमारती उठत होत्या. आमच्या बिल्डरने जाहिरातीत बाग, लिफ्ट, सिंहगडाचं दर्शन आणि चोवीस तास पाणी असं सगळं छापलं होतं. पाणी चोवीस तास होतं हे खरं. ते कुठलं, हे छापायला जागा पुरली नसावी. कधी बोअरचं, कधी टँकरचं, कधी दोन्हींची मिसळ. बादली वाळली की तिच्या तळाशी पांढरा थर बसलेला असायचा. चीड याची यायची की खडकवासल्याचं धरण आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. पेठेतली माणसं ज्या पाण्याचं कौतुक सांगून थकत नाहीत, ते आमच्या शेजारून पुण्यात जायचं आणि आम्ही टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसायचो.

मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या नावाने पाठवायच्या. नवराही याच धंद्यातला. लेक दीड महिन्याची असताना त्याला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. 'ऑनसाइट' हा तेव्हा घराघरात सणासारखा उच्चारला जाणारा शब्द होता, त्यामुळे जाऊ नकोस असं म्हणायची सोय नव्हती. सासूबाई गावी, आजारी सासऱ्यांपाशी. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. रजा संपली तशी माझं अंगावरचं दूध दिवसभर पुरेना, आणि लेकीला सांभाळायला आले ते माझे वडील.

बाबा सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने तान्ह्या मुलीचे लंगोट बदलायचे, हे बघून शेजारपाजारचे लोक चकित व्हायचे. बाबांना त्याचं काहीच वाटत नसे. आम्ही बौद्ध, आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातली बाईची कामं आणि पुरुषाची कामं हा हिशेब मिटला, असं ते सांगायचे. तो आईच्या बाबतीत कितपत मिटला होता हे मी विचारलं नाही. लेक त्यांच्या खांद्यावर टाकली की गप्प व्हायची, माझ्या खांद्यावर नाही, आणि त्याचाही मला थोडा राग यायचा.

मी कामावर रुजू झाले आणि लगेच तिला पहिल्यांदा जुलाब झाले.

आमच्या डॉक्टर बाई अस्सल पेठेतल्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"टँकरचं. पण उकळून, गार करून देतो," मी म्हणाले.

"टँकर कुठून भरतो ते विचारलंय कधी?"

मी विचारलं नव्हतं. मग विचारलं. टँकरवाला म्हणाला, "विहिरीतनं भरतो, ताई. झकास पानी हाय." कुठली विहीर, तिच्या शेजारी काय, तिच्यात कोण पोहतं, या प्रश्नांना तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी मी घरात जार आणला. तेव्हा पाण्याचे जार नवीनच निघाले होते, निळे, मोठे, तोंड खाली करून उलटे ठेवायचे. लेक बरी झाली. मी ऑफिसात सगळ्यांना जारचं महत्त्व सांगत सुटले. आणि ती पुन्हा आजारी पडली.

आता जारचा संशय. सुट्टीच्या दिवशी मी तो कुठे भरतात ते बघून आले. पत्र्याची शेड, एक पाइप, आणि तोंडात गुटखा असलेला माणूस बुचाभोवती प्लॅस्टिक गुंडाळत होता. घरी येऊन मी अख्खा जार झाडांना घातला.

मग पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. विक्रेता टाय बांधून आला होता. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात एक मीटर बुडवला आणि आकडा असा मोठ्याने वाचला की जणू मीच तो गुन्हा केला होता. यंत्र भिंतीवर बसलं. वीज गेली की ते गप्प, आणि धायरीत वीज हवी तेव्हा जायची. ऑफिसात जो तो सल्ला देत होता. एक म्हणे यंत्रातल्या पाण्यात क्षार उरत नाहीत, बाळाची हाडं ठिसूळ होतील. दुसरी म्हणे तुरटी फिरवा. नवरा फोनवर म्हणाला, "इथे सगळे सरळ नळाचं पाणी पितात."

"मग पाठव बाटलीतून," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबा हे सगळं ऐकून घेत होते. एके दिवशी त्यांनी दोन कॅन उचलले आणि बसने मंडईजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी गेले. तिच्याकडे महापालिकेचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी. ते कॅन भरून बसमध्ये पायांशी धरून ते परत आले. दिवसाआड हाच उद्योग सुरू झाला. जे पाणी धरणातून निघून आमच्या जवळून पुण्यात गेलं, ते माझा बाप पुण्यातून परत धायरीला आणत होता. मला हसावं की रडावं कळत नव्हतं. पण पाणी गोड होतं, नितळ होतं, आणि ते सुद्धा बाबा उकळून घेत होते. आता काही होणार नाही असं मी स्वतःला बजावलं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा लेकीची टाळू खोल गेली होती. रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. डॉक्टर बाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलल्या. "वजन वाढायच्या ऐवजी घटतंय. उद्यापर्यंत थांबलं नाही तर दाखल करायचं, सलाइन लावायचं. आणि तुम्ही पाण्यांची स्थळं बघणं पुरे करा. पाणी बाटलीत जाईपर्यंत त्याचं काय काय होतं ते बघा."

घरी येताना रिक्षात मी लेकीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. ती जाईल, हा विचार मी पहिल्यांदा पूर्ण केला. तोवर अर्ध्यात तोडत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला कळवून घरी राहिले. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि बाबांना म्हणाले, तुम्ही रोज करता तसंच करा, मी नुसती बघणार आहे. कामाची सवय होती. पडद्याऐवजी ओटा, एवढाच फरक.

बाबांचं काही चुकत नव्हतं. बाटल्या घासल्या, बुचं वेगळी करून उकळली. कॅनमधलं पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं, खळखळून उकळी आल्यावरही गॅस बराच वेळ चालू ठेवला. झाकण ठेवलं. पाणी निवल्यावर त्यांनी पातेलं फडक्याने धरून उचललं, कोपऱ्यातल्या तिवईपाशी नेलं आणि सगळं पाणी माठात ओतलं.

"माठात का?" मी विचारलं.

"मग कशात? उन्हाळ्यात पातेल्यात कुठे गार होतंय. माठात गोड लागतं. आणि आता सगळ्यांनाच उकळलेलं. लेकीचं पाणी वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं, असं नको आपल्या घरात."

तेवढ्यात वॉचमन काका आले. टँकर आल्याचं सांगायला आले की पाणी प्यायचे, ही त्यांची रीत. "बाबा, पानी घेतो," म्हणाले, सरळ तिवईपाशी गेले, पेला माठात बुडवला. बोटं पेऱ्यांपर्यंत पाण्यात. प्यायले, पेला झाकणीवर ठेवला, गेले. मागोमाग इस्त्रीवाल्या मावशी. मग गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा, त्याच्या हातांना तर गंजाचा वास होता. सगळ्यांनी स्वतःच्या हाताने माठातून पाणी घेतलं. आणि लेक उठली तेव्हा बाबांनी तोच पेला त्याच माठात बुडवला, पाणी कोमट केलं आणि दुधाची पावडर कालवायला घेतली.

मी ती बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

आमच्या घरात माठातून पाणी काढायला ओगराळं कधीच नव्हतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मी लहान असल्यापासून ही बाबांची रीत. आलेल्याला पाणी नेऊन द्यायचं नाही; माठ दाखवायचा. ज्याला तहान त्याने आपल्या हाताने घ्यावं. आमच्या कॉलनीत काही जण आमच्याकडे येऊन बसायचे, गप्पा मारायचे आणि 'आत्ताच प्यायलोय' म्हणून उठायचे. जो माठात पेला बुडवायचा तो आमचा. ही रीत मला इतकी आवडायची, तिचा मला इतका अभिमान होता, की एवढी पाणी बदलली, सगळी शेवटी त्याच माठात गेली, तरी माझी नजर त्याच्यावर गेली नव्हती.

"बाबा," मी म्हणाले, "यापुढे लेकीच्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. दुधाचा चमचा हातातच होता.

"गावच्या आडावर माझ्या आईला हेच सांगायचे," ते म्हणाले. "घागर घेऊन बसून राहायची, कोणी वरून ओतेपर्यंत. मी तिच्या बाजूला."

"मी त्या अर्थाने म्हणत नाहीये. तुम्हाला माहितीय."

"अर्थ मला कळतो गं. कानाला कळत नाही."

लेक भुकेने किंचाळत होती. मी बाटली मोरीत रिकामी केली, पुन्हा पाणी उकळायला ठेवलं आणि ते निवेपर्यंत तिला थोपटत येरझारा घातल्या. बाबांची समजूत काढायला मला वेळ नव्हता. जे म्हणायला हवं होतं तेच म्हणाले होते, आणि ते त्यांना लागलं होतं. मागे वळून बघितलं तर पायात चपला घालून ते बाहेर पडले होते. पिशवी नेली होती. ते आत्याकडे गेले, आता परत येत नाहीत, असं मी धरून चालले.

दुपारी ते आले तेव्हा उन्हाने लाल झाले होते. मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानातून त्यांनी स्टीलचं पिंप आणलं होतं, तोटीचं. त्यांनी ते घासलं, उकळतं पाणी ओतून धुतलं आणि तिवईवर ठेवलं. माठ गॅलरीत उपडा घातला.

"यात कोणाचा हात आत जाणार नाही," ते म्हणाले, "आणि कोणाला कोणी वाढायलाही नको. लेकीसाठी दर वेळी ताजं उकळू. पण या घरात पाण्यापाशी यायचं तर हात धुवायचे. साबणाने. आणि सगळ्यांनी. एकालाही सूट दिलीस तर मी त्याच दिवशी निघालो."

लेकीला दाखल करावं लागलं नाही. जुलाब हळूहळू थांबले, मग ती दूध मागून पिऊ लागली, मग काट्याने एकदाचं आमच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. डॉक्टर बाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, माठाचाच दोष असं छातीठोक सांगता यायचं नाही, पण आता बदलू नका काही. माझी धास्ती मात्र गेली नाही. ऑफिसातून दर तासाला फोन. पाणी किती वेळ उकळलं, कशात ठेवलं, झाकलंय का. बाबा शेवटी फोन उचलून हॅलोच्या जागी "झाकलंय" म्हणायला लागले.

एकदा संध्याकाळी कंपनीची बस रस्त्यातच बंद पडली आणि मला यायला उशीर झाला. जिन्यातच लेकीचं रडणं ऐकू आलं. मी पर्स फेकली आणि थेट बाटलीला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हात."

"बाबा, ती रडतेय!"

"ऐकू येतंय मला. हात धू."

बेसिनपाशी वॉचमन काका होते, कोपरापर्यंत फेस करून. मला बघून ते गडबडीने बाजूला झाले. "ताई, तुमी घ्या आधी. लेकरू रडतंय."

"नाही," बाबा म्हणाले. "आधी तुम्ही आलात. तुमचं होऊ दे."

मी तिची आई आहे, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण ते हलणारही नव्हते. वॉचमन काकांनी एकेक बोट धुतलं. आत लेक रडत होती, जीव तुटत होता, आणि मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले.