आवाज गेला तेव्हा मी पुण्याला आले

मी निघाले त्या दुपारी बाबांचा दहावीचा क्लास चालू होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजेच क्लास, त्यामुळे बाहेर पडायचं तर मुलांच्या रांगांमधूनच जावं लागे. मी मोठी बॅग ओढत निघाले, मुलांनी पाय आत घेतले. बाबा फळ्यावर काहीतरी सोडवत होते. मी नमस्काराला वाकले. त्यांनी खडूचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मुलांकडे वळून म्हणाले, "पुढचं गणित घ्या."

आई टॅक्सीपर्यंत आली. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाली. खोपोलीच्या आसपास कधीतरी केसांत हात घातला तर बोटांना खडू लागला.

त्याआधीचे काही महिने घरात नीट श्वास घेता येत नव्हता. हिंजवडीतली बरी नोकरी सोडून मी लंडनला संगीताचा कोर्स करणार होते, आणि शास्त्रीय नाही, पॉप. बाबा एकदाच बोलले. "गाणं हा छंद आहे. छंदाला व्हिसा लागत नाही." त्यानंतर जेवताना फक्त भांड्यांचा आवाज. तुमच्यातले जे कुणी असे निघाले असतील त्यांना माहीत असेल, विमानात बसल्यावर आनंद वगैरे होत नाही. आधी नुसती सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटते.

लंडनमधल्या माझ्या खोलीची भिंत इतकी पातळ होती की मी सा लावला की शेजारचा माणूस पलीकडून ठोकायचा. मग मी कपाटात शिरून, कोटांमध्ये तोंड घालून रियाज करायचे. दुसऱ्यांच्या गाण्यांना मागून आवाज देण्याची कामं मिळाली, पुढे एका लहान स्टुडिओत स्वतःचं गाणं केलं. इंग्रजी गाणं, पण धृपदात एक मराठी ओळ घातली होती: 'जाताना दार लोटून घे.' घरातून कुणीही बाहेर पडलं की आई स्वयंपाकघरातून हेच ओरडते. निर्मात्याला अर्थ कळला नाही, नाद आवडला. ते गाणं कसं पसरलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. वर्षभरात मी अशा गावांमधून गात होते ज्यांची नावं मला उच्चारता येत नव्हती, आणि तिथली हजारो माणसं मला 'दार लोटून घे' म्हणून ओरडत होती.

गाणं काढणाऱ्या कंपनीने माझ्या केतकी या नावाचं 'केट' केलं. फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. पोस्टरवर जागा वाचेल."

बाहेरून हे सगळं झगमगीत दिसतं. आतून मात्र ते एका घशावर उभं असतं. गार पाणी नाही, पार्टीत बोलायचं नाही, हॉटेलच्या खोलीत वाफेचं यंत्र, विमानात तोंडावर मास्क. वादक, तंत्रज्ञ, मॅनेजर, बसचा ड्रायव्हर, सगळ्यांचं पोट माझ्या घशावर. मला नुसती शिंक आली तरी चारजण वळून बघायचे.

हॅम्बुर्गच्या कार्यक्रमात घसा आधीपासूनच जड होता. दुसऱ्याच गाण्यात मी 'दार लोटून' म्हटलं आणि पुढचा 'घे' आलाच नाही. दुखलं नाही. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. प्रेक्षकांना वाटलं मी मुद्दाम त्यांच्यासाठी जागा सोडली. ते सगळे मिळून 'घे' गायले. मी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा.

घशात कॅमेरा घालून डॉक्टरांनी दाखवलं, स्वरतंतूवरची एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. पूर्ण मौन, कुजबुजणंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने जास्त ताण येतो. पुढचं नंतर बघू, म्हणाले.

लंडनच्या घरात मी आठवडाभर बसले. फोन सारखा थरथरत होता. आईला व्हिडिओ कॉल केला. ती बोलत होती, मी टाइप करत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "एकटीने काय गप्प बसायचं? इकडे ये."

तर अशी मी घरी परतले. इतक्या वर्षांनी मोठा मुक्काम, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबांनी क्लासमधला एक छोटा पांढरा बोर्ड आणि पेन माझ्या हातात दिलं. "ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून," म्हणाले. शेजारच्या काकू भेटायला आल्या. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नसणार, अशा समजुतीने त्या मोठ्याने बोलायच्या, आणि नंतर मी समोर असतानाच आईला विचारायच्या, "पण आवाज परत येतो ना हो? की कायमचा गेला?"

"तुमचा कधी गेलाय का?" आई म्हणाली. "मग हिचाही येईल."

आई असं म्हणायची, पण मी आंघोळीला गेले की ती दाराबाहेर थांबायची, हे मला खालच्या फटीतून दिसायचं. मी चोरून आवाज लावून बघेन याची तिला भीती होती. मलाही होती. सदाशिव पेठेतल्या ज्या डॉक्टरीणबाई मला तपासायच्या त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, जखम भरत आली आहे, पण मध्येच एकदा जोरात ओरडलात किंवा घाईने गायलात तर तिथे कायमचा वण राहील.

आणि नेमका तेव्हाच हेलनचा, माझ्या मॅनेजरचा फोन आला. युरोपातल्या एका मोठ्या महोत्सवात माझं गाणं आधीच ठरलेलं होतं. तिच्या ओळखीचे एक डॉक्टर सूज उतरवायचं इंजेक्शन देणार होते. एक संध्याकाळ निभावेल, म्हणाली. मी फोन स्पीकरवर टाकून आईपुढे धरला. आईने बँकेत जन्म काढलाय. ती खुर्ची ओढून टेबलाशी ताठ बसली.

"शी इज नॉट टॉकिंग," आई म्हणाली. "आय ॲम टॉकिंग."

हेलन म्हणाली, सगळे खोळंबलेत, केटला नुसतं हो किंवा नाही लिहायला सांगा. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोर्ड हातात धरून बसले. खरं सांगते, मला जायचं होतं. स्टेजवर गेले नाही तर मी कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी लिहिलं, 'उद्या सांगते.'

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "माझ्या मनात काय आहे ते तुला माहीतच आहे. पण गळा तुझा आहे. तू सांगशील तेच मी तिला सांगेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, कसबा पेठेत तांब्याची घागर दुरुस्तीला दिली आहे, ती आणू, चल. त्यांनाही मला घरातून बाहेर काढायचं असावं. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या. बाबा घागर काखेत धरून पुढे, मी मागे. एका दुकानाच्या पाटीवर काहीतरी चुकीचं लिहिलेलं होतं. ते वाचायला ते भिंतीशी थांबले. तेवढ्यात पुढे उभा असलेला टेम्पो मागे येऊ लागला. बाबांची पाठ त्याच्याकडे होती.

माझं तोंड उघडलं. छाती भरली. 'बाबा' हा शब्द घशापर्यंत आलेला मला जाणवला. आणि घसा मिटला. मी मिटला नाही, तो आपोआप मिटला. मी धावले आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन बडवायला लागले. ब्रेक लागला. बाबा आणि टेम्पो यांच्यामध्ये फक्त ती घागर होती.

ड्रायव्हर उतरून आला. "ओ ताई, पत्रा चेपला की!"

"माणूस चेपणार होता," बाबा म्हणाले. "पत्र्याचं आपण नंतर बघू."

मग ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. माझे तळवे लाल झाले होते आणि रडू फुटत होतं. ते सुद्धा आवाज न करता. ब्रेक लागला नसता तर? त्या क्षणी मी काय वाचवलं होतं, आणि कशाच्या बदल्यात? बोर्ड घरी राहिला होता. मला हे त्यांना विचारता आलं नाही.

त्यांना ते कळलं असावं. घागरीला पडलेला नवा पोचा ते बोटाने चाचपू लागले. "तू तोंड उघडलेलं मी दुकानाच्या काचेत पाहिलं," म्हणाले. "ओरडली असतीस तरी मी आधी इकडेतिकडेच बघितलं असतं. बडवलंस तेच बरं झालं." मग म्हणाले, "तुमच्या पेशात इतकं जपावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं गं. मला वाटायचं, तोंड उघडलं की झालं."

पेशा हा शब्द त्यांनी माझ्या गाण्याला पहिल्यांदा लावला. तो कसबा पेठेतल्या एका पायरीवर, धुळीत बसून मिळाला.

घरी येऊन मी बोर्डावर 'नाही' लिहिलं. आईने फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. हेलन आधी विनवत राहिली, मग चिडली, मग म्हणाली की कंपनी याची आठवण ठेवेल. आईने तेही ऐकून घेतलं आणि "नोटेड" म्हणून फोन ठेवला. महोत्सवात माझ्या जागी दुसरी मुलगी गायली, छान गायली. केट संपली, असं काही ठिकाणी छापूनही आलं. काकूंनी ते कात्रण आवर्जून आणून दाखवलं.

मौन संपलं त्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणा काहीतरी." आई पदराचं टोक पिळत होती. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतके दिवस रोखून धरलेल्या गोष्टीला वाट सापडेना.

"पेपर कोराच देणार वाटतं," बाबा हळूच म्हणाले.

मला हसू फुटलं. खरखरीत, जाडसर, अनोळखी, पण आवाज होता. सगळ्यांनी तो ऐकला. आईने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "पुरे आता, ताण देऊ नकोस."

माझे वरचे काही सूर परत आले नाहीत. कंपनीने करार पुढे चालू ठेवला नाही; हेलननेही माझं काम सोडलं. आता मी खालच्या पट्टीत गाते, आधीपेक्षा लहान सभागृहांत. वरच्या सुरांसाठी येणारे काहीजण येईनासे झाले. जे येतात ते शांत बसून ऐकतात. पोस्टरवर केतकी हे पूर्ण नाव असतं. लोक ते त्यांना जमेल तसं उच्चारतात.

राहते अजून लंडनलाच. 'घर कुठे?' असं मुलाखतीत हटकून विचारतात. पूर्वी मी काहीतरी गोड सांगायचे, दोन शहरं, एक हृदय, असलं. आता कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मला बोलायची मनाई असते. त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉल लावते. ती फोन बरणीला टेकवून ठेवते आणि आपल्या कामाला लागते. मी काही बोलत नाही आणि माझ्याकडून कुणी अपेक्षाही करत नाही. कुठल्याशा परक्या गावातल्या हॉटेलात मी पाय वर घेऊन बसते आणि तिकडे फोडणी, नळाचं पाणी, भाजीवरून वाद चालू राहतो. जगात फक्त तिथेच माझ्या गप्प बसण्याने कुणाचं काही अडत नाही.

परवा बाबा मध्येच म्हणाले, "अगं, हळू बोल. ती ऐकतेय, तिचा कार्यक्रम आहे आज."

"ऐकू दे की हो," आई म्हणाली. "तिच्यासाठीच तर भांडतेय."