मामाची जागा

लग्नसंस्था वाचवायला मोर्चा काढायचा ठरला, तेव्हा मला वाटलं होतं की माणसं जमवणं अवघड जाईल. माणसं काय, हाक मारली की जमतात. नेमकं वाचवायचं काय आहे, हे ठरवताना मात्र माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

विषय माझ्याच तोंडून निघाला होता. त्या दिवसांत टीव्हीवर रोज लग्नाच्या कायद्यावरून भांडणं चालायची. आमचं बायकांचं भजनी मंडळ दर सोमवारी शिवशरणांची वचनं म्हणायला जमतं, आणि वचनांनंतर चहाबरोबर हाच विषय. माझ्या माहेरच्या नात्यातली एक मुलगी पुण्यात बिनलग्नाची एकासोबत राहत होती. ती आजारी पडली, तो खोली सोडून गेला, आणि जाब विचारायला जावं तर कुणाच्या दारात? त्याचं घर कुठलं, आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नात दोन घरं एकमेकांना बांधली जातात, बिनसलं तर मध्ये पडायला चार माणसं असतात, असं माझं मत आहे आणि ते आजही बदललेलं नाही. ते मी त्या दिवशी जरा जोरात बोलले. पुढच्या सोमवारी बायका म्हणाल्या, नुसतं बोलून काय होतंय, मोर्चा काढू. देवळापासून निघायचं आणि नाडकचेरीत, म्हणजे आमच्या भागातल्या महसूल कचेरीत, निवेदन द्यायचं.

बायकांचा मोर्चा म्हटल्यावर पुरुष गप्प बसतील तर शपथ. गावात एक म्हातारे व्यापारी आहेत, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. ते कुणी न विचारता अध्यक्ष झाले. बैठका आमच्या ओसरीवर भरू लागल्या आणि ज्या मोर्चाची मी सचिव, त्याच मोर्चाच्या बैठकीत मी आतून चहा आणून देऊ लागले.

पहिली ठिणगी फलकावरून पडली. वर कन्नड, खाली मराठी, एवढं भांडून ठरलं. पण आमच्याच जिल्ह्यातल्या कल्याणच्या छापखान्यातून फलक आला तर त्यावर घोड्यावर बसलेला नवरा, हातभर घुंगट घेतलेली नवरी आणि मध्ये धगधगता होम. आमच्यात ना घोडा, ना घुंगट, ना होम. अप्पा म्हणाले, ही आपली परंपराच नव्हे. गावातल्या शाळेत माझ्या ओळखीची एक बौद्ध शिक्षिका होती, तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. तिनं शांतपणे विचारलं, आमच्यात पांढरे कपडे घालतात आणि फुलं टाकतात, आमचं लग्न तुमच्या मोर्चात बसतं का? शेवटी कुणीतरी सांगितलं की फलकावर हारच दाखवा, हार सगळ्यांच्यात असतात. तेवढ्यासाठी अर्धी दुपार गेली.

त्यानंतर निघाला मामाचा विषय. माझं माहेर निलंग्याकडचं. राज्याची हद्द ओलांडून इकडं आले त्याला इतकी वर्षं झाली की केस पांढरे झाले, तरी सासरी मी अजून ‘तिकडची’च. आमच्या तिकडं नवरीला मामा बोहल्यावर आणतो आणि लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. इकडं कितीतरी घरांत बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचाच, तोच नवरा. मी सहज म्हणाले की निवेदनात मामाचा मान घालू या, तो नवरीच्या मागं उभा असतो. सगळी ओसरी हसली. अप्पा म्हणाले, आमच्यात मामा मागं राहत न्हाई, शेजारी बसतो. निवेदनातून ती ओळ खोडली गेली.

माझ्याच घरात असं एक लग्न पाळण्यापासून ठरलेलं होतं. माझ्या यजमानांच्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. त्यांना आळंद तालुक्यातल्या खजुरीला दिलेलं. नवरा लवकर गेला, एकच मुलगी. ती मुलगी माझ्या धाकट्या दिराला द्यायची, असं अक्कांनी ती जन्मली तेव्हाच सांगून टाकलं होतं. दीर तेव्हा शाळेत. शाळा बुडवून त्यानं तिच्या पाळण्याला झोके दिलेले, पुढं तिला सायकल शिकवली, कलबुर्गीला नर्सिंगला घातलं तेव्हा वसतिगृहाच्या दारापर्यंत तिची ट्रंकही त्यानंच नेली. माझे यजमानही तिचे मामाच, पण त्यांचं लग्न आधीच झालेलं असल्यामुळं ते सुटले. पोरगी शिक्षण होऊ दे म्हणत दिवस ढकलत होती आणि दीर बहिणीसमोर तोंड उघडत नव्हता. आईच्या माघारी अक्कांनीच त्याला वाढवलेलं. मीही म्हणायची, बघू पुढचं पुढं.

आता मोर्चा म्हटला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा आलाच. नवरा-नवरी बाशिंग बांधून बसवायचे, बायकांनी अक्षता टाकायच्या, हे सगळ्यांना फार आवडलं. पण बसवायचं कुणाला? लग्न झालेली जोडपी लाजून पळाली. बिनलग्नाच्या पोराशेजारी बिनलग्नाची पोरगी बसवली तर गाव वर्षभर बोलेल. मग अप्पांनीच तोडगा काढला: तुमच्या घरात ठरलेली जोडी आहे की, तीच बसवा. मोर्चासाठी खजुरीहून आलेल्या अक्का लगेच हो म्हणाल्या. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी मंडप, पाणी, सुसल्याचा, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, नाश्ता आणि पोलिसांची परवानगी यांत इतकी गुरफटले होते की एक काम मार्गी लागलं म्हणून सुटकेचा श्वास घेतला.

मोर्चाच्या दिवशी सकाळी साऊंडवाल्यानं परंपरेच्या मोर्चाला कुठलंसं पळून जाणाऱ्या जोडप्याचं सिनेमातलं गाणं लावलं होतं. मी त्याला बंद कर म्हणून ओरडून घरात आले. आतल्या खोलीत भाची तयार होत होती. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, हातात चुडा. मला आत घेऊन तिनं दार लोटलं.

“मामी, देखाव्याला खरं मंगळसूत्र कामून आणलंय आईनं?”

मी म्हणाले, असंल घरातलं जुनं. ती म्हणाली, जुनं नाही, नवीन आहे, आणि लग्न लावणारे अय्याही आलेत, पुढच्या ओसरीवर दूध पीत बसलेत. मग ती पलंगावर बसली. रडली नाही. चुडा वरखाली करत राहिली.

“मामा मला मामाच हाय, मामी. दुसरं कायबी मला दिसत न्हाई त्याच्यात.”

मी अक्कांना माजघरात गाठलं. त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्या म्हणाल्या, पाच माणसांसमोर अक्षता पडल्या की लगीन लागलं, आणि इथं तर सगळा गाव आयता जमायलाय. मांडव झाला, वाजंत्री झाली, जेवण झालं, परत वेगळं कशाला? मी म्हणाले, पोरीला विचारलंत का. तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

“परंपराच वाचवायलीस न्हवं तू? मग ही काय हाय? माझं काय, आज हाय उद्या न्हाई. परक्याच्या घरात दिली आन् तिथं कुणी तिला छळलं, तर हिच्या पाठीशी कोण हाय, सांग.”

पुण्याच्या त्या पोरीबद्दल मी हेच बोलले होते, आणि त्यावरच तर हा सगळा खटाटोप उभा होता.

यजमानांना सांगायला गेले तर ते म्हणाले, अक्कांना कोण समजावणार, आणि ट्रॅक्टरचं डिझेल बघायला निघून गेले. लग्न झाल्यापासून मी पाहतेय, घरात कठीण प्रसंग आला की या माणसाला कुठलं तरी डिझेल बघायचं असतं. अप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. मोर्चात खरं लग्न लागतंय, याहून चांगलं काय, पेपरात फोटो येईल, असं म्हणून त्यांनी फेट्याचा शेमला नीट केला. मला इतका संताप आला की तो निवेदनाचा कागद तिथंच टराटरा फाडून घरी जाऊन झोपावंसं वाटलं. आणि उद्यापासून ही पोर मला मामी म्हणायची सोडून जाऊबाई म्हणणार, हे डोक्यातून जाईना.

देवळापुढं गर्दी झाली. संतपूरकडून जीप आल्या होत्या, हद्दीपलीकडच्या माझ्या माहेरच्या बायकाही आल्या होत्या. ती बौद्ध शिक्षिका शेवंतीची टोपली घेऊन चार जणींसह एका बाजूला उभी होती. ट्रॉलीवर लाल कापड टाकलेल्या दोन खुर्च्या. एकीवर भाची, मान खाली. दुसरीवर दीर, बाशिंगामुळं त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हात गुडघ्यावर घट्ट धरलेले दिसत होते. बायकांच्या मुठीत पिवळ्या अक्षता. अक्का ट्रॉलीला लागून उभ्या, हातात मंगळसूत्राची डबी. अय्या चढायच्या तयारीत.

कार्यक्रम सुरू झाल्याचं सांगायचं काम सचिवाचं होतं. दुखरे गुडघे घेऊन मी ट्रॉलीवर चढले आणि अप्पांच्या हातातून माईक घेतला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. समोर माहेरच्या बायका दिसल्या आणि ती खोडलेली ओळ आठवली.

“देखाव्यात एक चूक राहिली आहे,” मी म्हणाले. “नवरीचा मामा चुकीच्या जागी बसलाय. मामा नवरीच्या पाठीशी उभा असतो.”

गर्दीत कुजबुज झाली. अप्पा खालून हातवारे करत होते. पण हद्दीपलीकडच्या बायकांमधून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, व्हय, मामा मागंच पाहिजे. तिच्या मागून आणखी चार जणी बोलल्या. परंपरेविरुद्ध बोलले असं आता कुणाला म्हणता येईना, कारण अर्ध्या गर्दीची परंपरा हीच होती. मी माईक खाली केला आणि दिराकडं वळले.

“उठा भावजी.”

तो उठला. मला वाटलं होतं, बहिणीकडं बघेल, घुटमळेल. तसं काही झालं नाही. त्यानं बाशिंग सोडलं, खुर्चीवर ठेवलं, आणि भाचीच्या मागं जाऊन तिच्या खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. इतकी वर्षं तो माणूस कुणीतरी उठा म्हणायचीच वाट बघत होता, असं मला वाटलं आणि त्याचाही राग आला. स्वतः उठायला काय झालं होतं?

गर्दीतून कुणीतरी विचारलं, मग नवरा कुठाय?

भाचीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. “येईल की,” ती म्हणाली. “परीक्षा तर होऊ द्या.”

लोक हसले आणि हसता हसता त्यांनी अक्षता टाकल्या. त्या भाचीवर पडल्या, मामावर पडल्या, रिकाम्या खुर्चीतल्या बाशिंगावर पडल्या, ट्रॅक्टरवाल्याच्या टोपीवरही पडल्या. त्या शिक्षिकेनं फुलं टाकली. ट्रॉली तशीच, एक खुर्ची रिकामी ठेवून, नाडकचेरीपर्यंत गेली. साहेब रजेवर होते. निवेदन शिपायानं घेतलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

अक्का देवळापासून पुढं मोर्चात आल्याच नाहीत. मी परतले तेव्हा त्या आमच्या ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या आणि मुठीतल्या अक्षता अजून तशाच होत्या. आता काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून मी उभी राहिले. भाची आणि तिच्या मागून दीर आत आले. अक्कांनी त्या दोघांकडं पाहिलं. मग उठल्या, मूठ पोरीच्या नव्हे, भावाच्या डोक्यावर रिकामी केली, आणि मंगळसूत्राची डबी माझ्या हातात ठेवली.

“ह्यो मागं उभारतो म्हणालीस न्हवं? उभारू दे. पर पुढं बसणारा आता तूच शोधायचा.”

डबी माझ्या कपाटात आहे. भाची नर्स झाली, तिला कलबुर्गीच्या दवाखान्यात नोकरी लागली, आणि मी बीदरपासून लातूरपर्यंत स्थळं शोधत फिरते. प्रत्येक स्थळात ती काहीतरी खोट काढते. कुणाचा आवाज चढा, कुणाच्या आईचा. मी वैतागून म्हणते, आता पुरे, असा देवासारखा नवरा मी कुठून आणू? तिच्या खुर्चीमागं भावजी उभे असतात, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीला धरून, आणि तिच्या वतीनं नाही म्हणून मान हलवतात.