अक्कांनी पाहिलेला हिब्रू सिनेमा

धुळ्यात आमच्या ओळखीच्या एक अक्का लग्नं जमवतात. पिशवीत बायोडाटा घेऊन फिरतात आणि बशीतला चहा निवेपर्यंत समोरच्याचं घर न्याहाळतात. माझ्या पुतणीसाठी पाचोऱ्याचं स्थळ त्यांनीच आणलं होतं.

परवा कॉलेजात एक जुना हिब्रू सिनेमा होता. त्यात लग्न जमवणारा मध्यस्थ आहे, असं मी सांगताच अक्का कुतूहलाने आल्या. पुतणीही आली. भाषा कळत नसली तरी मध्यस्थ दिसला की अक्का पुढे सरकून बसत. पडद्यावरची मुलगी मान खाली घालून उभी राहिली, तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "बठ्ठा बोली ऱ्हायनात, पन पोरले कोनी इचारं का?"

सगळे बोलताहेत, पण मुलीला कोणी विचारलं का, हा त्यांचा अहिराणीतला सवाल ऐकून लोक हसले. पुतणी हसली नाही, हे अक्कांनी पाहिलं.

बाहेर येताच त्यांनी तिला विचारलं, "पाचोराना पोऱ्या तुले पसंत शे का?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

अक्कांनी तिथूनच मुलाच्या वडिलांना फोन लावला. "भाऊ, पत्रिका पाहण्यात माझीच चूक झाली. जुळत नाही."

"अक्का, खरंच जुळत नाही?" मी विचारलं.

"अठ्ठावीस गुण जुळतस," म्हणत त्यांनी रिक्षाला हात केला.