आकडेबाई आणि टाकीतली रोजची घट

प्रयोगशाळेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. तिथे तांब्याएवढ्या काचेच्या टाक्यांत पेशी वाढवून त्यांच्याकडून औषध बनवून घेत, आणि पेशी कशा वाढल्या याच्या नोंदी एका जागी आणणं हे तिचं काम. नोंदी मात्र कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या हातमोज्यांच्या खोक्यावर. मागून मागून जीभ झिजली, तेव्हा तिने भांडूनतंडून आपोआप नमुने काढणारं आणि मोजणारं यंत्र आणवलं.

त्याच यंत्राने तिला तोंडघशी पाडलं. पहिल्या टाकीतल्या पेशी रोज सकाळी अचानक विरळ होत. साहेबांनी निक्षून सांगितलं, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर यंत्र परत. तिने नळ्या बदलल्या, वजनकाटे तपासले, यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाला फोनवर भंडावून सोडलं. घरी नवरा म्हणाला, माझ्या तब्येतीची एवढी चौकशी कधी केली नाहीस.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन टाकीजवळ बसली. थोड्या वेळाने, विंगेतून कसलेला नट यावा तसे, प्रयोगशाळेतले सगळ्यांचे आजोबा आले. निवृत्तीला टेकलेले, तिला हे काम हाताला धरून शिकवणारे. त्यांनी मोठ्या सिरिंजने सराईतपणे टाकीतून द्रव ओढला आणि मग तिला पाहिलं.

"हे रोज करता?"

"रोज. तुझं यंत्र खरं बोलतं का, ते पडताळायला नको?"

तिने कपाळाला हात लावला. टाकी वजनकाट्यावर उभी, आणि तिचं वजन कायम राखणं हेही यंत्राचंच काम. यंत्र स्वतः थेंबभरच घेई. आजोबांनी सिरिंज भरली की वजन घटे, आणि यंत्र इमानाने ताजा द्रव ओतून ते भरून काढी. पेशी विरळ होणार नाहीत तर काय.

"अहो, निदान सांगायचं तरी."

"सांगितलं तर पडताळणी कसली?"

"बरं, यंत्राचे आकडे जुळतात का तुमच्याशी?"

"तंतोतंत. म्हणून तर संशय येतो."

त्यांचे आकडे कुठे लिहिलेत, असं विचारल्यावर आजोबांनी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिने संगणक पुढे ओढला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक आठवायला लावलं.

शुक्रवारी आजोबांनी आपणहून साहेबांना सगळं सांगितलं. घट माझ्यामुळे, यंत्र निर्दोष, मी रोज तपासलंय. यंत्र राहिलं. शिवाय आजोबांच्या दक्षतेवर साहेब इतके खूश झाले की त्यांनी ती पडताळणी कायमची लावून दिली. तिची नोंद ठेवायची कुणी, तर आकडेबाईंनी.

आजोबा आकडे अजून तोंडीच सांगतात, तेही चहा संपल्यावर.