मर्सीवाल्यांच्या टोप्या

अमेरिकेतल्या हॅडली काउंटीत गावं दोनच, बेंड आणि मर्सी. बाकी सगळा मका आणि वारा. काउंटीची कचेरी बेंडला, पण ती लाकडी इमारत बांधली मर्सीवाल्यांनी, मर्सीतच. पुढे रेल्वे बेंडला आली आणि बेंडकरांची नियत फिरली. एका हिवाळ्यात, मर्सीची माणसं चर्चमध्ये बसलेली बघून, त्यांनी बैल जुंपले आणि अख्खी कचेरी बर्फावरून ओढत आपल्या गावात नेली! आत शिरलं की मानानं टोपी काढायची ही तिकडची रीत, पण तेव्हापासून मर्सीचा माणूस त्या कचेरीत डोक्यावरची टोपी काढत नाही. लग्नाचा परवाना घ्यायचा असो नाहीतर ट्रकचा कर भरायचा असो, टोपी डोक्यावरच.

व्हर्ना लिंडक्विस्ट या कचेरीत उभा जन्म झाडलोट करत आली. बाई बेंडची, तोंडाची फटकळ. मर्सीचा ऑरिन हॅस्केल दारात दिसला की हिचं सुरू व्हायचं, "काय रे ऑरिन, टोपी डोक्याला चिकटली का? रॉकेल देऊ सोडवायला?"

"चोरांच्या घरात काढून ठेवली तर तीही जायची," तो म्हणायचा.

मग छप्पर गळायला लागलं. दुरुस्त करायचं, की कचेरीला कुलूप लावून कारभार शेजारच्या काउंटीत न्यायचा, यावर मतदान ठरलं. दुरुस्तीसाठी एकट्या बेंडच्या मतांनी भागणार नव्हतं. कचेरीतल्या सभेला मर्सीवाले आले, टोप्या घालून, हाताची घडी घालून. बेंडच्या पुढाऱ्यांनी वाडवडिलांचा अभिमान तासभर सांगितला. बैलांचं नाव मात्र कुणी काढलं नाही, आणि मर्सीवाले ढिम्म हलले नाहीत.

ही कचेरी व्हर्नानं लेकरासारखी जपली होती. ती झाडू हातात घेऊनच उठली.

"अरे, खरं बोलायला काय जातं तुमचं?" ती आपल्याच गावावर खेकसली. मग मर्सीवाल्यांकडे वळली. "चोरलीच होती रे बाबांनो. माझाच पणजोबा बैल हाकत होता, आणि आम्ही त्याचा फोटो भिंतीवर मिरवतो. चुकलं आमचं. घर तुमचं आहे. आणि स्वतःच्या घरात कुणी टोपी घालून बसतं का?"



"एवढं बोलायला इतक्या पिढ्या गेल्या होय गं?" ऑरिन म्हणाला. त्यानं टोपी काढून शेजारी बाकावर ठेवली. मग मागच्या बाकांवरच्याही एकेक उतरल्या.

मर्सीचीही मतं दुरुस्तीला पडली आणि कचेरी वाचली. व्हर्ना रडत रडतच सगळ्यांना पाय पुसून न आल्याबद्दल शिव्या घालत होती.

झाडताना तिला ऑरिनची टोपी बाकावर सापडली. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा टोपी दाराजवळच्या खुंटीवर होती.

"विसरलास ना? घेऊन जा."

"राहू दे गं," ऑरिन म्हणाला, "घरातच आहे की."